'कन्झर्व्हेटिव्ह' म्हणजे पुराणमतवादी काय?

सोलापुरात राज्यशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे : "अमेरिकेचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांच्या राजकीय कारकिर्दीवर मी मराठीत टिपण लिहीत आहे. 'कन्झर्व्हेटिव्ह'साठी मी 'पुराणमतवादी' लिहिले, आजोबांनी 'सनातनी' सुचवले, तर शहराच्या पूर्व भागात राहणारी माझी तेलुगू मैत्रीण म्हणाली की सरळ 'संप्रदायवादी' लिही. यांपैकी योग्य शब्द कोणता? आणि 'व्होटिंग रेकॉर्ड'ला 'मतदानाचा विक्रम' म्हणता येईल का?"

शेवटची शंका आधी घेतो. 'मतदानाचा विक्रम' मुळीच लिहू नये; ते वाचून कोणालाही एखाद्या मतदारसंघात ऐंशी टक्के मतदान झाल्याची बातमी आठवेल. येथील 'रेकॉर्ड' तलाठ्याच्या दप्तरातले आहे, क्रिकेटच्या मैदानावरचे नव्हे. पण 'मतदानाची नोंद' म्हटल्यानेही काम पुरते भागत नाही, कारण 'मतदान' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर शाळेतल्या केंद्राबाहेरची रांग आणि बोटावरची शाई येते. मतदार मतदान करतो. सभागृहातला सदस्य ठरावाच्या किंवा विधेयकाच्या बाजूने अथवा विरोधात मत देतो किंवा मत नोंदवतो. म्हणून मी 'सभागृहात दिलेल्या मतांची नोंद' असे लिहीन. शब्द चार झाले तरी चालेल, वाचक चुकणार नाही.

याला मराठीत सुटसुटीत शब्द नाही, त्याचे कारण भाषेत नसून आपल्या सभागृहांच्या रीतीत आहे. विधानसभेत अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात, बाजूचे सदस्य 'होय' म्हणतात, विरोधातले 'नाही' म्हणतात, आणि 'होयचे बहुमत' असे जाहीर होऊन विधेयक संमत होते. हे आवाजी मतदान. त्यात कोण काय म्हणाले याची नाववार नोंद राहत नाही. विरोधकांनी आग्रह धरून पोल (मतांची मोजणी) मागितला तरच मतविभागणी होते, आणि तेव्हाही सदस्य पक्षादेशाने बांधलेला असतो. १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले, तेव्हापासून पक्षादेश मोडून मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. त्यामुळे आपल्याकडे आमदाराच्या कारकिर्दीचा हिशेब तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, हजेरी आणि मतदारसंघात आणलेला निधी यांवर मांडला जातो. त्याने एकेका विधेयकावर कोणते मत दिले, हे विचारण्याची सवयच आपल्याला नाही. मग त्यासाठी शब्द कोठून येणार?

अमेरिकेच्या सिनेटमध्ये महत्त्वाच्या विधेयकावर कारकून सदस्यांची नावे एकेक करून पुकारतो, आणि ज्याचे नाव आले तो होकार किंवा नकार देतो. शाळेतल्या हजेरीसारखाच हा प्रकार आहे. १० जून १९६४ रोजी, कृष्णवर्णीयांशी होणारा भेदभाव रोखणाऱ्या नागरी हक्क विधेयकावरची लांबवलेली चर्चा थांबवावी की नाही यावर अशी नावे पुकारली जात असताना कॅलिफोर्नियाचे सिनेटर क्लेअर एंगल यांना चाकांच्या खुर्चीतून सभागृहात आणले होते. मेंदूतील गाठीमुळे त्यांची वाचा गेली होती. नाव पुकारले गेल्यावर त्यांनी हात उचलून आपल्या डोळ्याकडे बोट दाखवले. इंग्रजीत 'आय' म्हणजे डोळा आणि सभागृहाच्या बोलीत 'आय' म्हणजे होय. त्यामुळे कारकुनाने त्यांचे मत होकारार्थी नोंदवले. ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा थांबवण्याचा निर्णय झाला, आणि ३० जुलैला एंगल वारले. मराठीत हा प्रसंग सांगताना श्लेष समजावून द्यावाच लागतो, कारण आपल्या 'होय'ला शरीराचा कोणताही अवयव मदतीला येत नाही. (त्या दिवशीच्या २९ नकारांत गोल्डवॉटर यांचा नकार होता, म्हणून हे विषयांतर नाही.)

आणखी एक अडचण 'मत' या शब्दाचीच आहे. 'गोल्डवॉटर यांची मते' एवढे लिहिले तर त्यातून तीन अर्थ निघतात : त्यांचे विचार, त्यांनी सिनेटमध्ये दिलेली मते, आणि १९६४च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांना मिळालेली २ कोटी ७१ लाखांहून अधिक मते. एवढी मते मिळूनही तत्कालीन अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्यापुढे त्यांना ५० पैकी ६ राज्येच जिंकता आली. टिपणात प्रत्येक ठिकाणी 'विचार', 'दिलेले मत' आणि 'मिळालेली मते' असे वेगळे लिहावे.

आता मुख्य शब्द. 'पुराणमतवादी'तील 'पुराण' म्हणजे व्यास-परंपरेतली पुराणे नव्हेत. 'पुराणवस्तू'त आहे तोच 'जुने' हा अर्थ येथे आहे. तरीही मराठी वाचकाला हा शब्द ऐकून सोवळेओवळे पाळणारे, मुलींच्या शिक्षणाला नाके मुरडणारे घर आठवते. 'सनातनी' तर त्याहून जड आहे. बालविवाह रोखणारा १९२९चा शारदा कायदा, अस्पृश्यांचा मंदिरप्रवेश, पुढे हिंदू कोड बिल, या वादांत सुधारकांच्या समोर उभे राहिलेले ते सनातनी, ही ओळख शब्दाला कायमची चिकटलेली आहे. आपल्या आजोबांनी तो शब्द सुचवला यात नवल नाही, कारण त्यांच्या पिढीने तो याच अर्थाने वाचला असणार. 'रूढिवादी' हिंदीत शोभतो, मराठीत मात्र तो ठपका होतो.

मैत्रिणीचा शब्द मला सर्वांत रंजक वाटला. तेलुगूत आणि कन्नडमध्येही कन्झर्व्हेटिव्हला 'संप्रदायवादी'च म्हणतात, कारण त्या भाषांत संप्रदाय म्हणजे रीत, चालत आलेली परंपरा. मराठीत संप्रदाय म्हटले की वारकरी संप्रदाय, नाथ संप्रदाय, म्हणजे एका गुरुपरंपरेने बांधलेला पंथ. हिंदीत त्याच शब्दावरून झालेला 'सांप्रदायिक' धर्माधर्मांत तेढ लावणाऱ्याला वापरतात. सोलापुरात एकाच गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी आणि हिंदी-उर्दू बोलली जाते. तेथे आपण गोल्डवॉटर यांना 'संप्रदायवादी' म्हटले, तर एका घरात तो परंपरा मानणारा गृहस्थ ठरेल, दुसऱ्यात पंथाचा अनुयायी आणि तिसऱ्यात दंगेखोर. शब्द चांगला आहे, पण मराठीत आणू नये.

जुन्या मराठी वृत्तपत्रांनी यावर एक झकास तोडगा काढला होता, पण तो ब्रिटनपुरताच. तेथल्या कन्झर्व्हेटिव्ह पक्षाला त्यांनी 'हुजूरपक्ष' म्हटले आणि लेबर पक्षाला 'मजूरपक्ष'. हुजूर म्हणजे धन्याची समक्षता. पुण्याच्या हुजूरपागेत तोच शब्द आहे. यमकही जुळले आणि दोन्ही पक्षांमागचा समाजही दिसला. मराठीत झालेल्या राजकीय भाषांतरांत याच्या तोडीचे मला दुसरे सुचत नाही. पण अमेरिकेत ना राजा, ना त्याचे हुजूर. तेथे हा शब्द पांगळा पडतो.

मग गोल्डवॉटर यांना काय म्हणावे, हे त्यांच्या मतांच्या नोंदीवरूनच ठरवावे. फिनिक्समध्ये मोठे दुकान असलेल्या व्यापारी घराण्यातले हे गृहस्थ आधी नगरपरिषदेत आले, १९५२ साली सिनेटमधील बहुमतवाल्या पक्षाच्या नेत्यालाच हरवून ॲरिझोनाचे सिनेटर झाले, १९६४ साली अध्यक्षपदासाठी उभे राहिल्यामुळे सिनेटची जागा सोडली, १९६८ साली पुन्हा निवडून आले आणि १९८७च्या जानेवारीत निवृत्त झाले. १९५७च्या नागरी हक्क कायद्याच्या बाजूने त्यांनी मत दिले. मतदानासाठी लावला जाणारा कर रद्द करणाऱ्या २४व्या घटनादुरुस्तीलाही त्यांचा होकार होता. १९६४च्या नागरी हक्क कायद्याला मात्र त्यांनी विरोध केला. १९ जूनला तो ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत झाला, आणि विरोधातल्या २७ जणांत त्यांच्या, म्हणजे अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाचे केवळ ६ होते. खासगी उपाहारगृहे, हॉटेले आणि नोकऱ्या यांबाबत केंद्र सरकारने हुकूम काढणे घटनेला धरून नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद ज्यांना हॉटेलात पाणी मिळत नव्हते त्यांच्या दृष्टीने किती पोकळ होता, हे सोलापूरच्या वाचकाला सांगावे लागू नये; त्या मताची किंमत त्यांनी मोजली आणि माझ्या मते ती रास्तच होती. पण म्हणून त्यांना सनातनी म्हणता येत नाही. सक्तीची लष्करभरती त्यांना नको होती. १९९३ साली, वयाच्या ८४व्या वर्षी, समलिंगी व्यक्तींना सैन्यात उघडपणे नोकरी करता यावी, अशी त्यांनी जाहीर बाजू घेतली. धर्माच्या नावाने राजकारण करणाऱ्या स्वपक्षीयांशी त्यांचे अखेरपर्यंत जमले नाही. या माणसाचा सारा रोख सरकारचा हात आखूड ठेवण्यावर होता, जुने ते जपण्यावर नव्हता. आपल्याकडे त्याला जवळची जागा शोधायची तर सरकारी नियंत्रणांना विरोध करत १९५९ साली स्थापन झालेल्या 'स्वतंत्र' पक्षाच्या बाकांवर शोधावी लागेल, धर्मसभेच्या मंडपात नव्हे.

म्हणून माझा सल्ला असा की प्रथम उल्लेखात 'कन्झर्व्हेटिव्ह' हाच शब्द देवनागरीत ठेवून लगेच 'सरकारचे अधिकार मर्यादित असावेत असे मानणारे' हा खुलासा जोडावा, आणि पुढे 'उजव्या विचारांचे' असे लिहावे. १७८९च्या फ्रेंच सभागृहात राजाचे समर्थक अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसत, तेथून आलेला हा शब्द मराठीत रुळला आहे आणि त्याला सोवळ्याचा वास नाही. 'परंपरावादी' चुकीचा नाही, पण गोल्डवॉटर यांच्या बाबतीत तो काहीच सांगत नाही.

जाता जाता आणखी एक काळजी. 'ते रिपब्लिकन पक्षाचे होते' असे नुसते लिहू नका. सोलापुरात रिपब्लिकन म्हटले की निळा झेंडा आणि १९५७ साली स्थापन झालेला आंबेडकरी पक्ष आठवतो. 'अमेरिकेतील' हे विशेषण त्याआधी हवेच. आणि मतांच्या नोंदीचा तक्ता करताना १९६०च्या नागरी हक्क कायद्यासमोर 'बाजूने' लिहिण्याचा मोह टाळा. त्या दिवशी गोल्डवॉटर सभागृहात नव्हते. ते हजर असते तर बाजूने मत दिले असते, असे एका सहकारी सिनेटरने जाहीर केले होते. त्या रकान्यात 'अनुपस्थित' एवढेच लिहा आणि सहकाऱ्याचे निवेदन खाली टीप म्हणून द्या.