मोकळ्या जागेवर वाहनतळ : दाद कोणाकडे मागावी?

प्रश्न : आमच्या गृहप्रकल्पातील तीनपैकी दोन इमारतींना अंशतः भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची परवानगी) मिळाले असून तिसरीचे काम सुरू आहे. मंजूर नकाशात सुमारे सातशे चौरस मीटर मोकळी जागा उद्यानासाठी राखून ठेवली होती. विकसकाने तेथे विक्री कार्यालय थाटले आहे आणि उरलेल्या जागेत वाहनतळाचे पट्टे आखले आहेत. महापालिकेत तक्रार केली असता, ‘हा तुमचा आणि बिल्डरचा खासगी वाद आहे’ असे तोंडी सांगण्यात आले. आम्ही काय करावे? (सचिव, गृहनिर्माण संस्था, पुणे जिल्हा)

उत्तर : तुम्हाला मिळालेले उत्तर कायद्याला धरून नाही. चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के मोकळी जागा ठेवण्याचे बंधन एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतच आहे. परवानगीतील अटीचा भंग हा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 52 खाली गुन्हा ठरतो. कलम 53 खाली विकसकाला नोटीस देऊन, किमान एक महिन्याची मुदत ठरवून, अटीची पूर्तता करून घेण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे तुमच्या महापालिकेला आहे. कलम 52 खालील दंडाची रक्कम वर्षानुवर्षे पाच हजार रुपयांच्या आतच घुटमळत आल्याने तिचा धाक कोणालाच वाटत नाही. खरा धाक आहे तो भोगवटा प्रमाणपत्र अडण्याचा.

म्हणूनच प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करण्याची परवानगी), त्याच्या अटी आणि आजवरच्या सर्व सुधारित नकाशांच्या प्रमाणित प्रती माहितीच्या अधिकाराखाली आधी मिळवा. त्यातील बरीच कागदपत्रे महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरही असतात. शेवटच्या सुधारित नकाशातील क्षेत्रफळाचा तक्ता नीट वाचा, कारण मोकळी जागा कागदोपत्री कुंपणालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यात सरकवलेली असण्याचा संभव असतो. तसे झाले असेल, तर रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या कलम 14 नुसार दोन तृतीयांश सदनिकाधारकांची पूर्वलेखी संमती घेतली होती का, हा प्रश्न निर्माण होतो. करारनाम्यात आगाऊ दिलेली सरसकट संमती विकसक पुढे करील, परंतु नेमका बदल समोर ठेवून घेतलेली नसेल तर ती ग्राह्य नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतलेली आहे.

विक्री कार्यालयास तात्पुरती परवानगी असू शकते. तिची मुदत तपासा. वाहनतळाला मात्र ही सबब चालणार नाही.

यानंतर आयुक्त आणि बांधकाम परवानगी विभाग या दोघांकडे लेखी अर्ज करून आवक क्रमांक घ्या. अर्जात दोन मागण्या स्पष्ट असाव्यात : कलम 53 ची नोटीस बजावावी आणि मोकळी जागा पूर्ववत होईपर्यंत तिसऱ्या इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. प्रत्यक्ष पाहणीत मंजूर नकाशाशी विसंगती आढळल्यास ती दूर होईपर्यंत हे प्रमाणपत्र देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2024 च्या निकालात बजावलेले आहे. तिसरीचे प्रमाणपत्र विकसकाच्या हाती पडले, की तुमचा दबाव बराचसा संपला असे समजा, त्यामुळे पत्रव्यवहारात महिने घालवू नका. नोटिशीच्या मुदतीत विकसक बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करू शकतो, तेव्हा निर्णयापूर्वी संस्थेचे म्हणणे ऐकावे, ही विनंतीही त्याच अर्जात घाला.

महारेराकडे कलम 31 खाली स्वतंत्र तक्रार करता येईल. ती करार आणि प्रकल्पाच्या नोंदणीतील आश्वासनांच्या भंगाबद्दल असेल. अटीभंगावरील महापालिकेच्या कारवाईला ती पर्याय नाही.

महापालिका ढिम्म राहिल्यास उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. नोएडातील सुपरटेक या विकसकाच्या प्रकल्पातील रहिवासी संघटनेने मूळ नकाशातील हिरवळीच्या जागी उभारल्या जाणाऱ्या मनोऱ्यांविरुद्ध 2012 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये उच्च न्यायालयाचा पाडकामाचा आदेश कायम केला आणि ऑगस्ट 2022 मध्ये ते जोडमनोरे पाडले गेले. एवढी दहा वर्षे तुमच्या प्रकरणात लागू नयेत, यासाठी याचिकेसोबत आवक क्रमांकासह सर्व अर्ज, मूळ आणि सुधारित नकाशे आणि जागेची तारीखवार छायाचित्रे जोडा.