बजेट 25 लाख: बदलापूरचा जुना फ्लॅट घ्यावा की नेरळजवळचं नवं रो-हाऊस?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही घाटकोपरला नोकरीला, तुमचे मिस्टर ठाण्याला. बजेट 25 लाख. एकीकडे बदलापूर पूर्वेला रीसेलचा वन बीएचके, इमारत आठ-दहा वर्षं जुनी. दुसरीकडे नेरळ स्टेशनपासून आत एका गावात नवं रो-हाऊस. अंगण आहे, समोर माथेरानचा डोंगर आहे आणि किंमत फ्लॅटपेक्षा बरीच कमी. काय घ्यावं?

मी बदलापूरला राहते आणि एका वकिलांकडे टायटल सर्चचं, म्हणजे मालकीचे जुने कागद तपासायचं काम करते, म्हणजे घर घेणाऱ्यांचे कागद रोज डोळ्यांखालून जातात. तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून माझं उत्तर आहे बदलापूर. रो-हाऊसला माझा सरसकट विरोध नाही, पण त्याआधी तिथली किंमत कमी का आहे हे शोधावं लागेल. या पट्ट्यात घर दोन कारणांनी स्वस्त मिळतं: लांब आहे म्हणून, नाहीतर कागद अपुरे आहेत म्हणून. लांबची सवय होते. अपुऱ्या कागदांचा त्रास मात्र घर विकायला काढेपर्यंत, कधी कधी नोटीस दारावर लागेपर्यंत कळतच नाही.

विक्रेत्याकडे सगळ्यात आधी गाव आणि गट नंबर मागा. किंमत, डाउन पेमेंट, पझेशन हे सगळं नंतर. गट नंबर मिळाला की डिजिटल सही असलेला सातबारा महाभूमीच्या साइटवरून 15 रुपयांत निघतो. तो उघडलात की क्षेत्रफळाकडे न बघता दोन ठिकाणी बघा. पहिलं, 'भूधारणा पद्धती'. तिथे 'भोगवटादार वर्ग 2' असं असेल तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. परवानगी न घेता विकली तर शर्तभंग होतो, आणि सरकार जमीन ताब्यातही घेऊ शकतं. दुसरं, 'इतर अधिकार' हा रकाना. लोक नेमका हाच वाचत नाहीत. कुळाचं (जमीन कसणाऱ्याचं) नाव, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, बहिणींचा वारसहक्क, 'कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र' (कुळाला मिळालेली जमीन विकण्यावरचं बंधन), आदिवासींची जमीन विकण्यावरच्या बंधनाची कलम 36 ची नोंद, असं काय काय तिथे दोन ओळींत बसलेलं असतं. नेरळ ज्या कर्जत तालुक्यात येतं तिथे आदिवासी आणि कुळांच्या जमिनी भरपूर आहेत, त्यामुळे हा रकाना म्हणजे औपचारिकता समजू नका. कंसात टाकलेली नावं म्हणजे कमी झालेले हक्क. ते कोणत्या फेरफाराने (हक्कबदलाच्या नोंदीने) कमी झाले, तो नंबर शेजारीच असतो. तो फेरफारही काढून वाचा. चार भावांची जमीन एकट्याने विकलेली असेल तर ते तिथेच उघड होतं.

पुढचा प्रश्न, जमीन बिनशेती (एनए) आहे का, म्हणजे शेतीऐवजी घरासाठी वापरायला मंजूर आहे का? इथे तुम्हाला बहुतेक दोन उत्तरं मिळतील. एक म्हणजे, 'ग्रामपंचायतीची घरपट्टी लागलेली आहे.' घरपट्टीचा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे. त्याने मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकामाची परवानगीही मिळत नाही. बेकायदा बांधकामालाही घरपट्टी लागते. दुसरं उत्तर, 'गावठाणाला लागून आहे, एनएची गरज नाही.' यात तथ्य असू शकतं. गावठाणापासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला वेगळा एनए आदेश लागत नाही अशी तरतूद कायद्यात आहे. पण तिथेही सरकारला ठरलेली रक्कम भरावी लागते. ती भरल्याचा कागद आणि मंजूर नकाशा दाखवा म्हणावं. माथेरानभोवतीचा पट्टा 2003 पासून इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये, म्हणजे पर्यावरणासाठी बांधकामावर निर्बंध असलेल्या भागात आहे, तेव्हा डोंगर इतका जवळून दिसत असेल तर झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी ठेवलीय तो कागद) न बघता पुढे जाऊच नका.

शेतजमिनीचा तुकडा पाडून त्यावर घर बांधून विकत असतील तर अडचण अजून वाढते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, शिवाय तुकडेबंदी आहे, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून छोटा तुकडा पाडून विकायला मनाई. मग कोणी सांगतो सामायिक सातबाऱ्यावर नाव चढवू, कोणी सांगतो नोटरी आणि पॉवर ऑफ अॅटर्नी करून देऊ. नुसत्या पॉवर ऑफ अॅटर्नीसारख्या कागदांवर मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलंय. सरकारने तुकड्यांचे जुने व्यवहार नियमित करायची वाट मोकळी केली आहे, त्याचा हवालाही एजंट देतील. पण तुकडा नियमित होणं वेगळं आणि त्यावरच्या घराला परवानगी असणं वेगळं. हे मी इतकं पोटतिडकीने लिहितेय कारण आमच्या ऑफिसात दागिने मोडून, गावची जमीन विकून पैसे भरलेली माणसं येतात, आणि त्यांच्या हातात शंभराच्या स्टॅम्प पेपरावरची नोटरी असते. त्यांना काय सांगायचं?

आता रेराबद्दल, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंदणी सक्तीची करणाऱ्या कायद्याबद्दल. भूखंड 500 चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल, किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील, तर रेरा नोंदणी बंधनकारक नाही. छोटे रो-हाऊसवाले याच सवलतीत बसतात, त्यामुळे तिथे रेराचा आधार तुम्हाला मिळणार नाही असं धरूनच चाला. आणि रेराचा नंबर असला तरी निर्धास्त होऊ नका. कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींचं प्रकरण तुम्ही वाचलं असेल. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवलेली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला, आणि त्यात रीतसर रजिस्ट्रेशन करून, बँकेचं कर्ज काढून राहायला गेलेली कुटुंबं होती. म्हणून परवानगीच्या पत्राचा क्रमांक घेऊन ते ज्या कार्यालयाने दिलंय तिथे स्वतः जाऊन विचारा. अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या.

आता रोजचं जगणं. कल्याणच्या पुढे कर्जतकडे लोकल आणि मेल-एक्सप्रेस एकाच दुहेरी मार्गावरून धावतात. मध्ये एक मालगाडी बंद पडली तरी मागचं सगळं अडकतं. बदलापूरहून सुटणाऱ्या लोकल आहेत, नेरळला मात्र फक्त कर्जत-खोपोलीच्या गाड्यांवर अवलंबून राहावं लागतं. संध्याकाळी घाटकोपरला एक गाडी चुकली की पुढची किती वेळाने आहे ते वेळापत्रकात बघा, आणि स्टेशनवर उतरल्यावर रात्री त्या गावापर्यंत शेअर रिक्षा मिळते का ते एकदा प्रत्यक्ष रात्री जाऊन बघा. दोघंही नोकरी करणारे असाल तर हा मुद्दा मी अंगणाच्या वर ठेवीन.

पाणी हा दुसरा मुद्दा. घर मे महिन्यात बघायला जा आणि एजंटला सोबत नेऊ नका. शेजारच्या घरातल्या बाईंशी बोला: नळाला किती वाजता पाणी येतं, किती वेळ टिकतं, बोअर कधी आटते, टँकर कितीला पडतो. गच्चीवरच्या टाकीला टँकरचा पाइप कायमचा बांधून ठेवलेला दिसला तर त्याचा अर्थ तुम्हाला कळेलच. मग जुलैत जोराच्या पावसानंतर पुन्हा जा. उल्हास नदीचा पूर या पट्ट्याला नवा नाही. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधेच पाण्यात अडकली होती आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. 2021 च्या जुलैतही बदलापुरात पाणी शिरलं. तुमचा फ्लॅट पूर्वेला आहे एवढ्यावर समाधान मानू नका. 2005 ला आणि 2021 ला इमारतीच्या पार्किंगमध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे तिथला जुना दुकानदार हाताने भिंतीवर दाखवेल.

फ्लॅटचे कागद त्यामानाने सोपे. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) आहे का, आधीच्या सगळ्या करारांची साखळी आणि त्यावर भरलेलं मुद्रांक शुल्क, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का तेही विचारा. सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ मालकाचंच नाव असेल तर डीम्ड कन्व्हेयन्सचा (मालक सही देत नसला तरी सरकारी अधिकाऱ्याकडून ते करून घेण्याचा) मार्ग आहे, त्यामुळे तेवढ्यासाठी फ्लॅट सोडू नका. भाव घासताना मात्र हा मुद्दा काढा. चौकशी कार्पेटची, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळाचीच करा. एजंटच्या तोंडी येणारा 'सेलेबल', म्हणजे जिने-पॅसेज धरून फुगवलेला आकडा घरात पाय ठेवायला उपयोगाचा नसतो.

पैशांचं बोलायचं तर 25 लाख हे तुमचं सगळं मिळून बजेट असेल तर फ्लॅटची किंमत त्याच्या बरीच खाली बसायला हवी. मुद्रांक शुल्क, 1 टक्का नोंदणी शुल्क (कमाल 30 हजार), दलाली, वकील, सोसायटीची ट्रान्सफर फी हे सगळं वरून येतं. रीसेलला जीएसटी नाही. फ्लॅट फक्त तुमच्या, म्हणजे बाईच्या एकटीच्या नावावर घेतलात तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, पण जोडीने नाव लावलं की ती जाते. मिस्टरांशी याचा आधीच शांतपणे विचार करा, कारण कर्ज दोघांच्या पगारावर बसवायचं असेल तर ते सहकर्जदार राहू शकतात का, हे बँकेला अगोदर विचारावं लागेल.

आणि कर्ज एखाद्या मोठ्या राष्ट्रीयीकृत बँकेकडेच मागा. त्यांचा पॅनेलवरचा वकील जुन्या नोंदींचा सर्च घेतो. रो-हाऊसवाला 'या प्रोजेक्टला अमुक पतपेढीच कर्ज देते' म्हणाला, तर मोठ्या बँका का देत नाहीत हे त्या बँकेच्या शाखेतच जाऊन विचारा. बदलापूरच्या फ्लॅटसाठी टोकन देण्याची वेळ येईल तेव्हा रक्कम चेकने द्या, आणि पावतीवर 'टायटल स्वच्छ न निघाल्यास किंवा कर्ज नामंजूर झाल्यास पूर्ण रक्कम परत' असं लिहून मालकाची सही घ्या. एजंटची सही चालणार नाही.