बार्शी लाईट या जुन्या छोट्या रेल्वेच्या वस्तू जपायला आला आहेस, तर एवढं ऐक

लातूरच्या आपल्या संग्रहालयात आलास, फार बरं वाटलं. पण पहिल्याच दिवशी रंगाचा डबा उघडू नकोस. नव्या पोरांना घाई असते ती जुनं लोखंड चकाचक करायची, आणि तिथंच इतिहास खरवडला जातो.

रुळाचा तुकडा आला की आधी त्याची उभी बाजू बघ. रॉकेलात भिजवलेल्या फडक्यानं हळूहळू पुसत गेलास की गंजाखालून उठावाची अक्षरं वर येतात: कारखान्याचं नाव, कधी सालही. तारेचा ब्रश तिथं लावायचाच नाही. आधी फोटो, मग नोंद: वस्तू कुठली, कुणी दिली, कशासाठी वापरायचे. नोंद नसली तर ते नुसतं भंगार. आणि रेल्वेच्या हद्दीतलं काहीही लेखी परवानगीशिवाय उचलायचं नाही, खिळासुद्धा.

ही रेल्वे उभारणाऱ्या कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरसाहेबाची करामत समजून घे. अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरचा मार्ग, आणि कुठल्याही आसावर, म्हणजे चाकांच्या जोडीवर, ५ टनांहून जास्त भार नाही. म्हणून हलके रूळ चालले. १८९७ला बार्शीत आलेली गाडी १९११ला लातूरला पोचली. पुढं ब्रॉडगेज आलं, ते हवंच होतं. पण जुनं सगळं उखडलं गेलं.

वस्तूंपेक्षा माणसं आधी गाठ. ढोकी, येडशी, मुरुडकडं रुळांची देखभाल करणारे म्हातारे गँगमन असतील, त्यांच्याकडं रेकॉर्डर घेऊन जा. बोलू दे त्यांना, मधे तोडू नकोस. लोखंड थांबेल रे, ती माणसं थांबणार नाहीत. या रविवारीच निघ.