तेलावर लेझर मारून पोट भरेल का?

पत्र थोडक्यात: मुलगी बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला, ८१ टक्के. सुट्टीत दोन महिने एका संशोधन प्रयोगशाळेत वायू आणि तेल यांच्यातला ताण लेझरनं मोजायला शिकली. आता एम.एस्सी. करून त्यातच पुढे जायचं म्हणते. ‘तेलातच जायचंय तर ऑइल अँड गॅसचं एमबीए कर म्हणतो. सीटसाठी ५० हजार ॲडव्हान्स भरलाय. तेलावर लेझर मारून पोट भरेल का? तिला समजवा.’ – एक वडील, निपाणी

नमस्कार.

मार्कांची काळजी वाटली नाही, ॲडव्हान्सची वाटली. तो मुलीला विचारून भरलात का? पत्रात तसं कुठं दिसत नाही. ५० हजार गेले म्हणून पुढचे लाख भरायचे, आणि लाख भरले म्हणून मुलीनं गप्प बसायचं, हे मला मान्य नाही. आजच पावती काढा, परताव्याची अट वाचा आणि पुढचा हप्ता थांबवा. थोडे पैसे बुडाले तरी नको असलेल्या शिक्षणात दोन वर्षं घालवण्यापेक्षा ते परवडेल. तिला समजवा म्हणता, पण ती काय करते हे तुम्ही तिला एकदाही विचारलेलं दिसत नाही.

‘लेझर मारणं’ म्हणजे काय, ते आधी ऐका. इथं ताण म्हणजे पृष्ठताण: द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा आखडू पाहतो, ती ओढ. तेल कितीही संथ दिसलं तरी उष्णतेमुळं त्याच्या पृष्ठभागावर सतत तरंग उठतात, उंची जेमतेम नॅनोमीटरभर. ताण जास्त असला की तरंग झपाट्यानं हलतात, कमी झाला की मंदावतात. लेझरचा थोडा प्रकाश त्यांच्यावरून विखुरतो, त्याच्या लुकलुकण्यावरून वारंवारता काढतात आणि ती कळली, घनता माहीत असली की ताण मिळतो. उदाहरणार्थ, टोल्युईन या पारदर्शक द्रवाचा ताण २० अंशांना सुमारे २८.५ मिलिन्यूटन प्रति मीटर. लाल हेलियम-निऑन लेझर वापरून मूळ किरणापासून ०.२९ अंशावर पाहिलं, तर वारंवारता सुमारे १० किलोहर्ट्झ मिळायला हवी. कोनात एक टक्का चूक झाली की ताणात तीन टक्के येते, कारण कोनावरून तरंगसंख्या, म्हणजे ठरावीक लांबीत किती तरंग बसतात ते, ठरते आणि ताणाच्या सूत्रात तिचा घन असतो. म्हणून कोन मोजणं हेच खरं कसब.

तेलकंपन्यांना याचं काय? जुन्या विहिरीत तेल खडकाच्या बारीक छिद्रांत अडकून राहतं, आणि त्याला धरून ठेवण्यात या ताणाचा हात असतो. कार्बन डायऑक्साइडसारखा वायू दाबानं सोडला की ताण घटतो. दोन्ही पूर्ण मिसळले की शून्य होतो. तो दाब किती, हे आधी कळावं लागतं. नेहमीची पद्धत लोंबत्या थेंबाचा फोटो घेऊन आकार मोजायची, पण ताण फार कमी झाला की थेंब सुईला टिकतच नाही. तिथं प्रकाशाची पद्धत कामाची ठरते, तीही मर्यादेतच: ताण खूपच उतरला की तरंग उठताच विरतात आणि आकडा काढणं अवघड होतं.

आता मुलीला एक सांगतो. एका उपकरणाला करिअर म्हणू नकोस. ही पद्धत फार थोड्या प्रयोगशाळांत आहे. कच्चं तेल काळं असतं, लेझर शोषून तापतं, आणि तापलं की ताणच बदलतो, म्हणून शक्ती काही मिलिवॉटवर ठेवावी लागते. दाट तेलात तरंग लगेच विरतात. दाबाच्या पेटीत वायू तेलात मुरायला वेळ लागतो. घाईनं घेतलेला आकडा फुकट. तेव्हा ऑप्टिक्स, उच्च दाबाची यंत्रणा आणि सिग्नलचं गणित या तिन्हींवर हात बसव. हे येणारा माणूस तेलाबाहेरही अडत नाही.

परीक्षेचं म्हणाल तर आयआयटी जॅम, म्हणजे एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा, द्या, सोबत धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ इथं अर्ज करा. नेट आणि गेट नंतर. एमबीएला माझा विरोध नाही; चार वर्षं प्रयोगशाळेत घालवून तिला वाटलं तर तेव्हा करेल.

या रविवारी तिला कागद-पेन देऊन समोर बसवा आणि विचारा, कोन चुकला की आकडा तिप्पट का बिघडतो. मध्ये बोलू नका. पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या.