आयटीआय फिटर झालोय, बुटीबोरीला कंपनीत मुलाखत आहे. इंग्रजी येत नाही. तयारी काय करू, पगार किती सांगू, ओळख लागते का?

वयानं लहान असशील म्हणून तू म्हणतो. इंग्रजीचं टेन्शन सोड. प्रॉडक्शनच्या मुलाखतीत इंग्रजी कोणी तपासत नाही, हात तपासतात. मी हिंगणघाट तालुक्यातल्या खेड्यातला, ट्रेड टर्नर. बारा वर्षं शॉप फ्लोअरवर आहे, आता पोरांच्या मुलाखतींना साहेबाच्या बाजूला मीच बसतो.

पण लिहायला बसलो ते तुझ्या शेवटच्या प्रश्नामुळे.

मी पास झालो तेव्हा आमच्या मोठेबाबांनी कापसाच्या चुकाऱ्यातले पंधरा हजार एका माणसाला दिले. तो म्हणे 'आतून' लावून देतो. मी नको म्हटलं तर, "तुले काय समजते बे? वशिल्याबिगर कोणी पाण्याले बी विचारत नाई." पोळ्यानंतर त्या माणसाचा फोन लागलाच नाही.

त्याआधी एका मुलाखतीत मी आपटलो होतो. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, येते का विचारलं, मी 'हो' ठोकून दिलं. आमच्या आयटीआयतली सीएनसी कायम कव्हर घातलेली. पुढचा प्रश्न, टूल ऑफसेट कुठे टाकतोस? संपलं.

दुसऱ्या ठिकाणी टेबलावर एक पिन आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, ठेवला, माप सांग म्हणाले. माझ्या आधीचे दोघं बाहेर येऊन 24.98 मिलिमीटर सांगत होते. मी आधी त्याचे जॉ, म्हणजे पकडीचे दोन दात, मिटवून शून्य जुळतं का पाहिलं. ही सवय आयटीआयची नाही, तिथले व्हर्नियर कपाटात कुलूपबंद. आमच्या स्टँडजवळ थ्रेशर-ट्रॅक्टर दुरुस्तीचं लेथचं दुकान होतं. शून्य न पाहता माप घेतलं की तिथले मिस्त्री बोटांवर पट्टी हाणायचे. त्याच दुकानावरून मोठेबाबा घरी बोलायचे, हात काळे करून कोणाचं भलं झालं?

तर, शून्याला शून्य जुळत नव्हतं, दुसरी रेघ जुळत होती. एक रेघ 0.02 ची, म्हणजे व्हर्नियर 0.04 जास्त दाखवत होता. मी 24.94 सांगितलं. साहेबानं ड्रॉइंग पुढे सरकवलं, 25 ला प्लस शून्य, मायनस 0.05, म्हणजे 24.95 ते 25 चालेल. पास का रिजेक्ट? रिजेक्ट म्हटलं. हे सगळं मोडक्या हिंदीत.

मग विचारलं, कापूस वेचणीला सुट्टी टाकून गायब होशील का? गावाकडच्या पोरांना हे विचारतातच. मी म्हटलं, चार दिवस लागतील, पण आधी सांगून जाईन. पुढच्या सोमवारपासून सकाळची शिफ्ट. पंधरा हजारांनी काय केलं, ते मोठेबाबांना अजून सांगता आलेलं नाही.

तू फिटर आहेस, तर एम10 चे आटे पाडायच्या टॅपला ड्रिल 8.5 चं, मायक्रोमीटर 0.01 मिलिमीटरपर्यंत वाचतो, एवढं झोपेत आलं पाहिजे. जे केलं नाही ते 'केलं नाही, शिकीन' म्हण. अप्रेंटिसशिप झाली नसेल तर आधी ती कर. कंत्राटात हजार-दोन हजार जास्त दिसतात म्हणून ती सोडणारा मूर्ख. पगाराचं म्हणशील तर फ्रेशरला मागायला फारशी जागा नसते.

हो, पॅकिंग-असेंब्लीच्या कंत्राटी भरतीत यातलं काही विचारत नाहीत, आधार आणि पासबुक पाहून उभं करतात. तिथे पीएफ, ईएसआय (कामगार विमा) कापतात का ते विचार, आणि आधारवरचं नाव मार्कशीटशी जुळतं का आत्ताच बघ. आणि ओळख अगदीच फुकट नाही. जागा निघाल्याचं मला मित्राकडूनच कळलं होतं. पण कळवणं वेगळं आणि पैसे घेऊन लावून देणं वेगळं.

मागच्या महिन्यात मोठेबाबांचा फोन आला, नातवाला तुझ्या कंपनीत लावून दे. म्हटलं, पाठवा मुलाखतीला, त्याआधी चार रविवार माझ्याकडे व्हर्नियर धरायला पाठवा.

"म्हंजे तू काई करणार नाई," म्हणाले, आणि फोन ठेवला.