न बोलणाऱ्या मुलाची नजर कशी मोजतात? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची मुलगी सात महिन्यांची आहे. डॉक्टरांनी व्हीईपी करून नजर मोजायला सांगितलंय. अजून बोलतही नाही, तिची नजर मोजणार कशी? डोक्याला वायरी लावतात म्हणे. शॉक तर बसत नाही ना?

शॉक अजिबात बसत नाही. व्हीईपी म्हणजे काही बघताना मेंदूत उठणारा विजेचा प्रतिसाद टिपणारी तपासणी. तिचं यंत्र डोक्यात वीज सोडत नाही. मेंदूत आपसूक तयार होणारी वीज फक्त टिपतं. डोक्याच्या मागे, मानेच्या वर हाडाचा उंचवटा हाताला लागतो. त्याच्या थोडं वर, कवटीच्या आत दृष्टीचं केंद्र आहे. तिथले केस बाजूला करून, कातडी पुसून, पेस्ट लावून छोटी चकती चिकटवतात. आणखी दोन चकत्या डोक्यावर दुसऱ्या जागी लावतात. मग तुम्ही मुलीला मांडीवर घेऊन पडद्यासमोर बसायचं.

पडद्यावर काळे-पांढरे पट्टे असतात आणि ठरलेल्या ठेक्यात काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे होत राहतात. पडद्याचा एकूण उजेड मात्र बदलत नाही. त्यामुळे पट्टे वेगवेगळे दिसले, तरच मेंदू त्या ठेक्यात प्रतिसाद देतो. हा प्रतिसाद जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा, आणि मेंदूची बाकीची वीज त्याहून कितीतरी मोठी. पण पट्टे किती वेगाने बदलताहेत हे संगणकाला ठाऊक असतं, म्हणून नेमका तेवढ्याच वेगाचा संकेत त्याला गाळून काढता येतो.

‘स्वीप’ पद्धतीत दहाएक सेकंदांत पट्टे बारीक होत जातात, तसा प्रतिसादही क्षीण होतो. त्याचा आलेख काढून, उतरती रेघ शून्याला कुठे टेकेल ते पाहतात. पट्ट्यांची तेवढी बारकाई म्हणजे तिच्या नजरेची मर्यादा. ही पद्धत १९७०च्या दशकात संशोधक डेव्हिड रीगन यांनी आणली. पुढे १९८५मध्ये नॉर्शिया आणि टायलर या संशोधकांनी वर्षाच्या आतल्या बाळांची नजर याच पद्धतीने मोजून दाखवली.

तिचं पोट भरलेलं आणि झोप झालेली असेल अशी वेळ मागून घ्या. निम्मी तपासणी त्यावरच ठरते.

प्रश्न : पाच महिन्यांच्या मुलाचा रिपोर्ट दोन्ही डोळ्यांत ६/२४ आला. म्हणजे नजर अधू आहे का?

या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. नजरेच्या कोनाच्या एका अंशात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या ३० जोड्या वेगळ्या दिसल्या की ६/६ धरतात. ६/२४ म्हणजे साडेसात जोड्या. मोठ्या माणसाला हा आकडा कमी आहे, पण पाच महिन्यांच्या बाळाची नजर अजून घडतेय. आकडा नेहमी वयाशी ताडून बघायचा, आणि तोही त्याच लॅबमधल्या त्याच वयाच्या निरोगी बाळांशी, कारण यंत्र आणि पद्धत बदलली की आकडे बदलतात.

मी अशा रिपोर्टमध्ये आधी बघते ते दोन डोळ्यांतलं अंतर. तुमच्या बाळाचे दोन्ही डोळे सारखे आहेत, ही चांगली गोष्ट. एक डोळा बराच मागे असता तर मी थांबले नसते. औषधाचे थेंब टाकून चष्म्याचा नंबर तपासला नसेल, तर तो मात्र तपासून घ्या. नंबर असूनही चष्म्याशिवाय व्हीईपी केली, तर बारीक पट्टे पुसटच दिसणार.

प्रश्न : माझ्या तीन वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. व्हीईपी ‘बरी’ आली, पण तो समोरच्या खेळण्याकडे बघतही नाही. रिपोर्ट खोटा मानायचा का?

रिपोर्टही खरा आणि तुम्ही बघताय तेही खरं. पट्ट्यांचा संकेत डोळ्याच्या पडद्यापासून नसेतून मेंदूच्या दृष्टिकेंद्रापर्यंत पोचतो, एवढंच व्हीईपी सांगते. तिथून पुढे वस्तू ओळखणं, पसाऱ्यातून ती शोधणं, तिच्याकडे मान वळवणं हे मेंदूच्या इतर भागांचं काम. तुमच्या मुलाची अडचण तिथे असू शकते. मेंदूला इजा झालेल्या मुलांमध्ये व्हीईपीची नजर वागण्यातल्या नजरेपेक्षा चांगली येणं हे वारंवार दिसतं.

म्हणून ‘डोळे चांगले आहेत’ एवढं ऐकून परत येऊ नका. पट्ट्यांची कार्डं दाखवून मूल कुठे बघतं ते टिपणारी टेलर कार्ड तपासणी करून घ्या. घरी साध्या, एकरंगी पार्श्वभूमीवर एकच ठळक खेळणं धरा, ते हळूहळू हलवा आणि त्याला भरपूर वेळ द्या. काही मुलं आधी नजर टाकतात, मग दुसरीकडे बघत हात पुढे करतात. त्याला दुर्लक्ष समजू नका. काय दिसलं, किती वेळाने दिसलं, याची वही ठेवा. थेरपी ठरवताना आकड्याइतकीच मी ती वही वाचते.

प्रश्न : झोपेचं औषध देऊन ही तपासणी होते का?

नजर मोजायची असेल तर नाही. डोळे उघडे हवेत, लक्ष पडद्यावर हवं, आणि औषधाने प्रतिसादही बदलतो. झोपेत मिटलेल्या पापण्यांवर प्रकाशाचा झोत टाकून करतात ती फ्लॅश व्हीईपी. तिच्यातून मार्ग चालू आहे का ते कळतं, नजर किती ते नाही.

प्रश्न : तिरळेपणामुळे एक डोळा मंद आहे. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावण्याऐवजी दर महिन्याला व्हीईपी करत राहिलं तर चालेल का?

नाही. व्हीईपी हे मोजमाप आहे, उपचार नाही. शिवाय तिरळेपणातल्या मंद डोळ्याला पट्टे बऱ्यापैकी दिसतात, पण ओळीतली अक्षरं एकमेकांत मिसळतात, त्यामुळे पट्ट्यांवरची नजर खऱ्यापेक्षा चांगली येते. मूल चित्रं किंवा अक्षरं जुळवू लागलं की तक्त्यावरच मोजा, आणि पट्टी डॉक्टरांनी सांगितली तितके तास लावा.