वाचकांचे प्रश्न : दिवसाची घडी पुन्हा बसवताना

प्रश्न : ताई, मी परदेशात मानसोपचार विभागात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजच्या कामांतून रुग्णांना सावरायला मदत करणं हे माझं काम. नैराश्य असलेल्या एक स्थलांतरित मुस्लिम बाई चित्रकला, विणकाम, कशातच रमत नाहीत. त्यांचा मुलगा दुभाष्याचं काम करतो. काय करू?

उत्तर : आधी मुलाला बाहेर बसवा. लेकासमोर आई मन मोकळं करेल कशी? प्रशिक्षित दुभाषी घ्या, शक्यतो बाईच. मग विचारा, देश सोडण्याआधी तुमचा दिवस कसा जायचा?

माझ्या एका रुग्ण बाईंनी या प्रश्नावर पहिल्यांदा मान वर केली. नमाज सुटल्याची सल त्यांना होती. आम्ही वजूपासून, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या विधीपासून सुरुवात केली. हात, चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला तळवा, शेवटी पाय. क्रम अंगवळणी पडलेला, त्यामुळे थकलेल्या मनालाही पुढची कृती सापडत गेली. उभं राहवत नसेल तर बसूनही नमाज चालतो, तेवढ्यानेही त्यांना धीर आला.

अर्थात प्रत्येक मुस्लिम व्यक्ती नमाज पढतेच असं नाही. गृहीत धरू नका, विचारा.

रमजानचं मात्र आधीच बोला. आजाऱ्याला रोज्यातून, म्हणजे उपवासातून सूट असते, तरी अनेकजण धरतातच. लिथियम हे मनाच्या आजारावरचं औषध चालू असेल तर शरीरातलं पाणी कमी होऊन रक्तातलं त्याचं प्रमाण वाढू शकतं. डॉक्टरांना महिनाभर आधी कळवा.